अपग्रेड नावाची थाप

'अपग्रेड' हा शब्द आता मराठीच झाला आहे, तेव्हा त्याला प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत मी पडत नाही. उन्नयन म्हणा, श्रेणीवाढ म्हणा, लोक म्हणणार अपग्रेडच! माझे भांडण त्या शब्दाच्या आडून जो व्यवहार चालतो त्याच्याशी आहे. हे संगणकवाल्यांचे आपापसातले प्रकरण, आपल्याला त्याचे काय, असे ज्या वाचकांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गोव्यात जी भजने, आरत्या, नाट्यपदे, धालोंची आणि फुगड्यांची गाणी संगणकावर मुद्रित झाली, ती आणखी पंचवीस वर्षांनी कुणाला उघडता येतील का, हा प्रश्न या व्यवहारात अडकलेला आहे.

ज्यांनी स्टुडिओ आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. गायक कानाला हेडफोन लावून गातो. त्याचा आवाज मायक्रोफोनमधून संगणकात जातो, तिथे त्याला थोडा घुमारा दिला जातो, लहानमोठे स्वर सारखे केले जातात आणि तो परत गायकाच्या कानात येतो. हा प्रवास पापणी लवायच्या आत व्हावा लागतो. आपलाच आवाज जरासा उशिराने कानावर पडू लागला की भल्याभल्यांची लय डळमळते. १९९० च्या दशकातल्या संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला हे काम झेपत नव्हते. म्हणून एक वेगळे कार्ड निघाले. त्यावर केवळ ध्वनीची आकडेमोड करणाऱ्या चिपा बसवलेल्या असत आणि ते कार्ड संगणकाच्या आत खाचेत घालायचे. डिजिडिझाइन कंपनीचे प्रो टूल्स १९९१ साली आले ते याच पायावर. त्याच्या २००२ सालच्या एचडी कार्डावर नऊ चिपा होत्या. टीसी इलेक्ट्रॉनिकचे पॉवरकोर, युनिव्हर्सल ऑडिओचे यूएडी ही त्याच जातकुळीतली. त्या काळी हे खरोखर उपयोगाचे होते, ते मी नाकारत नाही.

मग एक दिवस चिपा अपुऱ्या पडू लागतात. घुमारा जास्त हवा असतो, ट्रॅक वाढलेले असतात. स्टुडिओवाला स्वाभाविकपणे विचारतो, की या कार्डावरची चिप काढून नवी, वेगवान चिप बसवता येणार नाही का? इंटरनेटवर हा प्रश्न लोक वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. उत्तर ठरलेले. नाही. नवे कार्ड घ्या. त्यालाच अपग्रेड म्हणायचे!

आता गंमत पाहा. हे नेहमीच असे नव्हते. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये मुख्य प्रोसेसरच्या शेजारी एक रिकामी खाच दिलेली असे. गणिताचे काम जास्त असेल त्याने ८०८७ नावाची चिप विकत आणून तिथे बसवायची. क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १९८९ साली आले तेव्हा त्यावर संगीतासाठी दोन जादा चिपा होत्या. पुढच्या आवृत्तीत कंपनीने त्या काढून घेतल्या, पण खाचा तशाच ठेवल्या. ज्याला हव्या त्याने मागवून बसवाव्यात. १९९२ च्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डावर २५६ केबीची स्मृती असे, ती चिपा घालून एक एमबीपर्यंत वाढवता येई. एडब्ल्यूई ३२ या कार्डावर तर संगणकाचीच रॅम लावायला जागा होती. अंगठ्याने दाबून चिप बसवायची, पाय वाकडा होणार नाही एवढी काळजी घ्यायची, झाले काम. याला मी अपग्रेड म्हणतो. तीच वस्तू राहिली, तिचा मालकही तोच राहिला आणि अंगात थोडे बळ आले.

तांत्रिक बाजूने आपले म्हणणे लंगडे राहू नये म्हणून इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आजच्या चिपा खाचेत का बसवत नाहीत याला खरी कारणे आहेत. त्यांना दोन-अडीचशे जोड असतात, पुष्कळ चिपांचे ते पोटाखाली बारीक गोळ्यांच्या रूपात असतात, आणि इतक्या वेगाने संदेश जायचे तर सोल्डरचा पक्का जोडच लागतो. समजा एखाद्या कसबी कारागिराने गरम हवेच्या यंत्राने जुनी चिप उचलली आणि त्याच घराण्यातली वेगवान चिप बसवली. तरी काही होत नाही. कार्डावरचे घड्याळ जुन्या वेगाला बांधलेले, स्मृती तेवढीच, वीजपुरवठा तेवढाच, आणि कार्ड जागे होताना जे पहिले फर्मवेअर चालते ते जुन्याच चिपेला ओळखणारे. घराणे बदलले तर विचारायलाच नको. मोटोरोलाची ५६००० घराण्याची चिप २४ बिटी पूर्णांकी हिशेब करते, ॲनालॉग डिव्हायसेसची शार्क चिप दशांश सरकवत हिशेब करते. एकीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीला कळत नाही. पहिल्या यूएडी कार्डावर तर मुळात चित्र आणि व्हिडिओसाठी बनवलेली एम्पॅक्ट २ ही चिप होती! २००८ साली यूएडी २ आले ते शार्क चिपा घेऊन, तेव्हा आतले सारे प्रोग्रॅम नव्याने बांधावे लागले.

तेव्हा चिप बदलून द्या, अशी माझी मागणीच नाही. ते जमणारे नाही हे मला मान्य आहे. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. जी वस्तू सुधारता येत नाही हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्या वस्तूत माणसाचे काम असे गुंतवायचे की वस्तू टाकली की कामही टाकावे लागेल. आणि मग त्या कोंडीला 'प्रगती' म्हणून विकायचे. ही थाप आहे.

थाप कशी, ते क्रमाने पाहा. २००२ सालचे एचडी कार्ड पीसीआय खाचेत बसत असे. ॲपलने २००५ च्या अखेरीस पॉवर मॅकमध्ये ती खाच बंद करून पीसीआय एक्स्प्रेस आणली. खाच बदलली म्हणून कार्ड बदला. मग २०११ साली एचडीएक्स आले. एका कार्डावर अठरा चिपा, हिशेबाची पद्धत वेगळी. जुन्या टीडीएम पद्धतीचे इफेक्ट यावर चालत नाहीत, एएएक्स पद्धतीचे लागतात. प्रो टूल्सच्या दहाव्या आवृत्तीने जुन्या कार्डांना साथ दिली, २०१३ च्या अकराव्या आवृत्तीने ती सोडली. त्याच सुमारास ॲपलचा नवा मॅक प्रो आला तर त्यात खाचच नव्हती! कार्ड बाहेरच्या पेटीत घालून तारेने जोडा. पॉवरकोरचे उत्पादन तर त्याआधी २०११ मध्येच थांबले होते. त्यावर चालणारे सुंदर सुंदर घुमारे ज्यांनी पदरचे पैसे मोजून घेतले होते त्यांच्या हाती राहिली एक हिरवी पट्टी.

आणि शेवटचा विनोद २०२२ सालचा. ज्या इफेक्टना आमच्या चिपेशिवाय गत्यंतर नाही असे आपण वर्षानुवर्षे ऐकत होतो, त्यांतले अनेक युनिव्हर्सल ऑडिओनेच चिपेविना, संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालतील असे करून बाजारात आणले. चांगलेच केले. पण मग मधली दहा वर्षे ती चिप कशासाठी होती? काही अंशी ती आवाज उशिरा न येण्यासाठी होती, हे खरे. आणि काही अंशी ती कुलूप होती. इफेक्टचा परवाना कार्डाला बांधलेला, कार्डाविना प्रोग्रॅम उघडत नाही, म्हणजे चोरून वापरता येत नाही. कंपनीने चोरीपासून आपला बंदोबस्त करावा, त्याला माझी हरकत नाही. पण कुलूप कंपनीच्या मालाला लावता लावता ते आमच्या गाण्यालाही लागले, त्याचे काय?

आता आमच्याकडची गोष्ट सांगतो. आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाने २००६ साली एका स्टुडिओत अभंग मुद्रित केले. स्टुडिओचे नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण जे झाले ते कुठेही झाले असते. बुवांचा आवाज त्या दिवशी थोडा बसलेला होता. मुद्रण करणारा मुलगा मोठा जाणता. दोन रात्री बसून त्याने बुवांचा आवाज, पखवाज, पेटी आणि मागची मंडळी अशी काही जुळवली, की ऐकताना देवळाच्या चौकात बसल्यासारखे वाटे. त्यातला घुमारा कार्डावरच्या चिपेतून आलेला होता. मागे जो अखंड सूर धरलेला होता तो तंबोऱ्याचा नव्हता, तोही त्याच कार्डावर चालणाऱ्या सिंथेसायझरचा. सीडी निघाली, चवथीला घरोघर वाजली. पुढे तो मुलगा आखातात नोकरीला गेला.

बुवा २०१८ साली गेले. त्यांच्या मुलाच्या मनात आले की सीडीवर टाळ जरा जास्तच वर आले आहेत आणि वडिलांचा आवाज दबला आहे. तो पुन्हा वर आणता आला तर वर्षश्राद्धाला मंडळींना ऐकवता येईल. साधी इच्छा. आम्ही दोघे स्टुडिओत गेलो. मालकांनी जुनी डिस्क शोधून काढली हे त्यांचे उपकार. नव्या संगणकावर सेशन उघडलेही. पण सगळे इफेक्ट करडे पडलेले.

"काका, हे सगळे मेलेत," मालक म्हणाले. "कार्ड गेले, त्याबरोबर तेही गेले."

बुवांचा कोरडा आवाज होता, देवाची कृपा. पखवाज होता. पण दोन रात्रींची जुळवाजुळव नाहीशी झाली होती. मागचा अखंड सूर तर मुळी नव्हताच! कारण त्याचा आवाज कधी मुद्रित झालाच नव्हता. संगणकात साठवली होती फक्त 'अमुक वेळी अमुक सूर धर' एवढी सूचना. सूर धरणारा कार्डावर राहत होता, आणि कार्ड कधीच भंगारात गेले होते. अभंग सुरू झाला, बुवांनी पहिला स्वर लावला आणि त्याच्या पाठीशी काहीच नाही. मुलगा उठून बाहेर गेला.

पुरवठादाराला फोन केला. त्याने नेहमीचेच सांगितले. चिप बदलून मिळत नाही, पूर्ण सिस्टिम अपग्रेड करावी लागेल. किंमत ऐकून मी विचारले, की बाबा रे, एवढे पैसे घातले तर २००६ चे ते मिक्स जसेच्या तसे परत येईल का? थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, नाही, ते इफेक्ट नव्या कार्डासाठी निघालेच नाहीत. म्हणजे लाखो रुपये मोजून जे मिळणार त्यात आमचे जे गेले ते नव्हतेच. २००७ च्या अखेरीस डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता, आज तो ऐंशीच्या वर आहे. हे सारे सामान बाहेरून येते. लहान स्टुडिओवाला दर सहा-सात वर्षांनी कर्ज काढून ते नव्याने घेतो आणि त्या हप्त्यांपायी भजनी मंडळांकडून तासाचे दर वाढवून घेतो. त्याच्यावर मी रागावणार नाही, तोही याच जात्यात भरडला जातो आहे.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतो, "मग प्रगती नकोच का तुम्हाला?" हा प्रश्न मला फार ऐकावा लागतो, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर देतो.

आपले घुमट घ्या. मातीचे मडके, त्याच्या मोठ्या तोंडाला पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, घोरपडीला संरक्षण मिळाले. घुमटवाल्यांपुढे पेच पडला. कातडे सोडायचे तर आवाजाचे काय? बरीच वर्षे या पेचात गेली. मग बकऱ्याच्या कातड्याचे घुमट सर्रास वाजू लागले. आवाज हुबेहूब तोच नाही, जुने वादक अजून कुरकुरतात, पण आरतीच्या वेळी घुमट घुमतेच. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यताही दिली. या सगळ्यात मडके तेच राहिले, वाजवण्याची रीत तीच राहिली, जुन्या वादकाला नव्या कातड्यावर हात बसवायला चार दिवस लागले असतील. कातडे बदलले म्हणून कुणाला जुनी आरती विसरावी लागली नाही. तबल्याची पुडी फाटली तर आपण तबला टाकतो का? नवी पुडी चढवतो, वादी ताणतो, गट्टे ठोकतो. पेटीचा स्वर बसका झाला तर पेटी दुरुस्त करणारा तो पातळ पितळी स्वर घासतो, नाहीतर बदलतो, भात्याला नवे कापड लावतो. साठ-साठ वर्षांच्या पेट्या आमच्या देवळांत वाजत आहेत. आमच्या संगीताची माणसे सुधारणेला कधीच भ्यालेली नाहीत. त्यांना फक्त एवढे ठाऊक आहे, की सुधारणा वाद्यात होते आणि गाणे माणसाचे राहते.

दुसरे उत्तर आपल्याच केरीच्या केसरबाईंचे. सुरश्री केसरबाई केरकर १८९२ साली जन्मल्या, १६ सप्टेंबर १९७७ रोजी गेल्या. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली आणि दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठवली. जगभरच्या संगीताच्या वेच्यांत त्यावर केसरबाईंची भैरवी आहे. हे आपल्याला ठाऊक असते आणि आपण ते अभिमानाने सांगतोही. पण एक तपशील आपण सांगत नाही. तबकडीबरोबर ती वाजवायची सुई आणि तिचे कार्ट्रिजही पाठवलेले आहे, आणि वेष्टनावर ती कशी वाजवायची, किती वेगाने फिरवायची, हे आकृत्या काढून दाखवलेले आहे. ज्यांना आपली भाषा येत नाही, ज्यांनी ग्रामोफोन पाहिलेला नाही, किंबहुना जे असतील की नाही हेही ठाऊक नाही, अशा ऐकणाऱ्यांची एवढी काळजी! आणि आमच्या बुवांचा अभंग बारा वर्षांनी त्यांच्याच मुलाला, त्याच गावात, त्याच स्टुडिओत पुरता ऐकता येत नाही.

तिसरा आक्षेप जरा चलाख असतो. 'सीडी आहे ना तुमच्याकडे? मग काय गेले?' सीडी म्हणजे शिजलेले जेवण. त्यातून तांदूळ वेगळे काढता येत नाहीत. आज आवाज वेगळे करणारी नवी संगणकी साधने आली आहेत, ती आम्ही वापरून पाहिली. टाळाच्या ठिणग्या बुवांच्या आवाजाला चिकटून राहतात ते राहतातच. शिवाय जे सुटे होते, स्वच्छ होते, आमच्या पैशाने मुद्रित झाले होते, ते पुन्हा तर्काने ओरबाडून काढायची वेळ आमच्यावर का यावी?

सरकारच्या बाजूने काही हालचाल झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. चांगली सुरुवात आहे. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे बॅटरी आणि काच बदलून मिळणे एवढाच अर्थ घेतला तर आमच्या दुखण्याला त्याचा उपयोग नाही. आमचे कार्ड दुरुस्त होऊनही काही साधले नसते, कारण ते बसवायची खाच संगणकात उरलेली नाही. आम्हाला हवा आहे तो यंत्र मेल्यावर आपले काम सोडवून घेण्याचा हक्क. तो कुठल्या कायद्यात येतो हे वकील मंडळींनी सांगावे. मला एवढे कळते, की भाड्याच्या खोलीचे कुलूप मालकाचे असले तरी आतले माझे ट्रंक मला बाहेर काढता आले पाहिजे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही, कारण यातले बरेचसे आपल्याच हातात आहे आणि त्याला खर्चही फार नाही. वेव्ह नावाची साधी फाइल १९९१ पासून आहे. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी ती काढली, आणि आज ध्वनीचे काम करणारे झाडून सारे प्रोग्रॅम ती वाचतात. तिला कार्ड लागत नाही, परवाना लागत नाही. तीत कुणाची चिप दडलेली नसते. हिशेब करून पाहा. ४८ हजार नमुने आणि २४ बिट या दर्जाने एका ट्रॅकचा एक मिनिट सुमारे ८.६ एमबी जागा खातो. अर्ध्या तासाचे भजन, बारा ट्रॅक, म्हणजे सगळे मिळून सव्वातीन जीबीच्याही आत. चहापाण्याच्या पैशात येणाऱ्या पेन ड्राइव्हवर असली चार-पाच भजने मावतील! एवढ्याशा जागेसाठी आपण आपल्या माणसांचे आवाज दुसऱ्याच्या कार्डावर टांगून ठेवतो.

यात स्टुडिओवाल्यांचा आळसही आहे, तो झाकायचे कारण नाही. 'भजनी मंडळाला काय कळते, सीडी दिली की झाले,' ही वृत्ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. लग्नाचा फोटोवाला निगेटिव्ह देत नसे, तसे हे सुटे ट्रॅक देत नाहीत. दिले तर पुढचे काम दुसऱ्याकडे जाईल अशी भीती. अहो, आवाज आमचा, पैसे आमचे, वेळ आमची! आणि आमच्या मंडळांचे तरी काय? सीडीच्या वेष्टनावर कुणाचा फोटो मोठा छापायचा यावर तीन बैठका होतात, सुटे ट्रॅक कुणी मागितले का हे विचारणारा एकही निघत नाही. जिथे सरकारी अनुदानातून ध्वनिमुद्रण होते तिथे तर कला आणि संस्कृती खात्याने हिशेबाच्या पावत्यांबरोबर सुट्या ट्रॅकची एक प्रत जमा करण्याची अटच घालावी. पावत्या सात वर्षांनी रद्दीत जातील, ट्रॅक कामाला येतील.

चिपांची कार्डे वापरूच नका, असे मी म्हणत नाही. गाताना कानात उशीर न होता आवाज येत असेल तर ते कार्ड जरूर वापरावे. काम चालू असताना यंत्र कुठलेही असो. काम संपले की त्या यंत्रावर अवलंबून असलेले काहीही मागे उरता कामा नये, एवढेच. कार्डावरच्या सिंथेसायझरने सूर धरला असेल तर तो त्याच दिवशी आवाज म्हणून मुद्रित करून घ्यावा. घुमारा आवडला असेल तर घुमाऱ्यासह एक प्रत आणि घुमाऱ्याशिवाय एक. जाणत्या ध्वनिमुद्रकांना हे सांगावे लागत नाही, चांगल्या स्टुडिओंत ही जुनी शिस्त आहे. ती आमच्याकडे पोहोचली नाही, कारण सामान विकायला आलेल्याने त्याची माहितीपत्रके दिली, शिस्त दिली नाही.

यंदा चवथीच्या आधी आमच्या मंडळाची नवी पिढी घुमटआरत्या मुद्रित करणार आहे. बुवांचा मुलगाच पुढाकार घेतो आहे. आम्ही एका कागदावर अटी लिहून स्टुडिओला दिल्या. प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड, वेव्ह फाइलमध्ये. इफेक्टसह आणि इफेक्टशिवाय अशा दोन प्रती. प्रत्येक फाइलच्या नावात वादकाचे आणि वाद्याचे नाव, 'ऑडिओ १७' असले काही चालणार नाही. कुठल्या पट्टीत गायले, ठेका कुठला, घुमटाला कातडे कुठले, हे कागदावर. दोन डिस्क, एक मंडळाकडे आणि एक देवस्थान समितीच्या कपाटात. स्टुडिओने सगळे मान्य केले. फक्त इफेक्टसह प्रती काढायला दोन तास लागतील आणि त्याचे पैसे वेगळे पडतील असे त्यांचे म्हणणे. मंडळ एका तासाचे द्यायला तयार आहे. रविवारी बसून ठरवणार आहोत.